कोल्हापुरातील छापखान्यासाठी डिजिटल प्रॉडक्शन प्रेस: तुलना नेमकी कशावर करावी?

प्रश्न: मुद्रक, कोल्हापूर

नमस्कार. वडिलांनी ट्रेडल या जुन्या छपाई यंत्रावर सुरू केलेला छापखाना आता मी सांभाळतो. आमच्याकडे दोन रंगांचे हायडेलबर्ग जीटीओ ५२ हे ऑफसेट यंत्र, कटिंग मशीन, लॅमिनेशन आणि पर्फेक्ट बाइंडिंग (गोंदाने पुस्तकबांधणी) एवढी यंत्रसामग्री आहे. पतसंस्था, सेवा संस्था आणि दूध संस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, डॉक्टरांच्या फायली, व्हिजिटिंग कार्डे आणि स्थानिक लेखकांची दोनशे-तीनशे प्रतींची पुस्तके हे आमचे मुख्य काम आहे. गेल्या काही वर्षांत कामांची संख्या घटलेली नाही, पण प्रत्येक कामातील प्रती कमी झाल्या आहेत. जो अहवाल पूर्वी दोन हजार छापला जायचा, तो आता सातशेवर आला आहे, आणि काही संस्था तीनशेच मागतात.

बाहेरून करून घेत असलेले आणि लवकरच डिजिटलवर न्यावे लागेल असे काम एकत्र धरले, तर महिन्याला सरासरी १३×१९ इंची तावाच्या २२,००० बाजू होतात. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाच आकडा ६०,००० च्या घरात जातो.

तीन यंत्रांचे प्रस्ताव समोर आहेत: कोनिका मिनोल्टाचे अ‍ॅक्युरिओप्रेस सी ४०८०, झेरॉक्सचे व्हर्संट २८० आणि रिकोचे प्रो सी ७२००. शिवाय एका परिचितांनी वापरलेले एचपी इंडिगो सुचवले आहे. माहितीपत्रके मी अनेकदा वाचली आहेत. मिनिटाला ८० पाने की ८५, कागद थोडा अधिक जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) चालतो की कमी, एवढ्या फरकावरून निर्णय घेणे मला योग्य वाटत नाही. ज्यांनी ही यंत्रे स्वतः चालवली आहेत, त्यांनी तुलना कोणत्या मुद्द्यांवर केली हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: हिशोबी मुद्रक, पुणे

आपली शंका रास्त आहे. या वर्गातील टोनर यंत्रांचा वेग आणि कागद घेण्याची क्षमता आता इतकी जवळ आली आहे की त्यावरून निवड करण्यात अर्थ उरलेला नाही. रिको सी ७२०० मालिकेच्या काही मॉडेलांत पाचव्या रंगाची जागा आहे, तिथे पांढरा, पारदर्शक किंवा निऑन टोनर वापरता येतो. काळ्या किंवा क्राफ्ट कागदावर पांढरी छपाई मागणारे ग्राहक आपल्याकडे खरोखर असतील तर तो मुद्दा मोठा आहे, नसतील तर त्याचे पैसे मोजू नयेत.

पहिली तुलना क्लिकच्या, म्हणजे छापलेल्या दर बाजूमागे द्यायच्या दराच्या, कराराची करावी. पुढील आकडे मी केवळ रीत दाखवण्यासाठी धरतो, त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, एका रंगाच्या एका फॉर्मसाठी (तावाच्या एका बाजूला एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांसाठी) प्लेट, रजिस्टर (छापांची एकमेकांशी जुळणी) बसवणे आणि वाया जाणारे ताव मिळून ३५० रुपये लागतात आणि त्यानंतर ऑफसेटवर प्रत्येक छापाला २० पैसे पडतात. डिजिटलवर काळ्या रंगाचा ए३ क्लिक ७० पैशांना मिळाला, तर दर छापामागे ५० पैसे जास्त जातात. ३५० भागिले ०.५० म्हणजे ७००. आपला सातशे प्रतींचा अहवाल नेमका उंबरठ्यावर येतो. तीनशे प्रतींचा अहवाल निःसंशय डिजिटलवर जावा, हजारांचा जीटीओवरच राहावा. चार रंगांसाठी प्लेटचा खर्च १,४०० रुपये, ऑफसेटचा चालू खर्च ६० पैसे आणि रंगीत क्लिक ३ रुपये ४० पैसे धरला, तर उंबरठा ५०० प्रतींवर येतो. कागद दोन्हीकडे तोच असल्याने तो हिशोबात घेतलेला नाही. यंत्राचा हप्ताही घेतलेला नाही, कारण छापले तरी आणि न छापले तरी तो भरावाच लागतो.

मात्र तो हप्ता वेगळा तपासलाच पाहिजे. समजा, सर्व धरून यंत्र ४० लाखांना पडले आणि पाच वर्षांत फेडायचे ठरले, तर व्याज सोडूनही महिन्याला सुमारे ६६,७०० रुपये होतात. २२,००० बाजूंवर ते वाटले की प्रत्येक बाजूवर ३ रुपये बसतात, म्हणजे रंगीत क्लिकच्या जवळपास दुप्पट खर्च होतो. हेच काम ४४,००० बाजूंवर गेले तर दीड रुपया पडतो. त्यामुळे यंत्र घेण्याआधी शेजारच्या मुद्रकांचे कोणते काम आपल्याकडे येऊ शकेल, याची चाचपणी केलेली बरी.

करार वाचताना किमान क्लिकची अट दर महिन्याची आहे की वर्षाची, हे आवर्जून पाहावे. आपल्यासारख्या हंगामी कामात मासिक किमान अट असली, तर मंदीच्या महिन्यांत न छापलेल्या तावांचे पैसे द्यावे लागतात आणि सप्टेंबरमधील जादा छपाईचा त्यात काहीही फायदा मिळत नाही. वर्षाची अट लिहून घ्यावी. १३×१९ चा ताव एक क्लिक धरला जातो की ए४ चे दोन, लांब तावाचे किती, कोरी मागची बाजू मोजली जाते का, तंत्रज्ञाने दुरुस्तीनंतर काढलेले चाचणी ताव वजा होतात का, या चार प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत.

आणखी एक गळती मी स्वतः दोन वर्षे सोसली. कोरल ड्रॉमध्ये केलेल्या कामात काळा मजकूर आरजीबी राहिला, तर तो रिपमध्ये (फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या यंत्रणेत) चार रंगांचा होतो आणि मीटर रंगीत क्लिक मोजतो. आपल्याकडे हा धोका अधिक आहे, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर आपण सवयीने कर्व्ह करून (अक्षरांच्या आकृत्या बनवून) पाठवतो. कर्व्ह केलेले अक्षर रिपच्या दृष्टीने मजकूर उरत नाही, चित्र होते, आणि 'काळा मजकूर केवळ काळ्या टोनरने' ही सूचना त्याला लागू होत नाही. ती सूचना मजकूर आणि ग्राफिक्स या दोन्हींसाठी चालू ठेवता येते का, हे प्रत्येक यंत्राच्या कंट्रोलरवर करून पाहावे.

उत्तर २: चाचणीवाला, सांगली

वरील हिशोब पटला. छपाई कशी तपासावी, तेवढे मी सांगतो. डीलरच्या दालनात दाखवले जाणारे नमुने त्यांच्या कागदावर आणि त्यांच्या फायलींवर काढलेले असतात. आपण नेहमी वापरतो तोच ७० जीएसएम मॅपलिथो (लेप नसलेला साधा कागद), १३० आणि ३०० जीएसएम आर्ट कागद आणि आपल्याच तीन-चार फायली घेऊन जावे.

गडद चाररंगी पार्श्वभूमीत सहा पॉइंटचा पांढरा देवनागरी मजकूर छापून भिंगाखाली पाहावा. रंगांचे रजिस्टर थोडे जरी हलले असले तरी अनुस्वार आणि रफार आधी बुजतात. रोमन मजकुरावर हीच चाचणी घेतली तर यंत्र चांगलेच दिसते. त्यानंतर एकाच सपाट फिकट राखाडी रंगाचे पाचशे ताव सलग काढून पहिला, अडीचशेवा आणि पाचशेवा ताव खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवावेत. बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या बोधचिन्हातील निळा रंग तावागणिक बदलला, तर ग्राहक ते सहन करत नाही. छापताना रंग आणि रजिस्टर स्वतः मोजून दुरुस्त करणारे जोडयंत्र कोनिका मिनोल्टाकडे मिळते. ज्याच्याकडे कुशल ऑपरेटर टिकत नाही, त्याच्यासाठी त्या सोयीचे मोल यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

पुढचे-मागचे रजिस्टर तपासण्यासाठी दोन्ही बाजूंना कोपऱ्यांवर फुलीच्या खुणा छापून सुईने टोचावे. अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असला तर आपल्या कामांना चालतो, पण दोन्ही बाजूंना चौकट असलेल्या कार्डांना तेवढाही फरक दिसतो.

कागदाच्या आकाराचाही हिशोब करावा. ९०×५४ मिमीच्या कार्डाला चारही बाजूंनी दोन मिमी ब्लीड (कापून टाकायची जादा छपाई) ठेवला, तर १३×१९ इंची तावावर २५ कार्डे बसतात आणि १२×१८ वर २१. क्लिक तेवढाच, कार्डे मात्र चार जास्त. पुस्तकांसाठी मात्र १२×१८ च योग्य आहे. साडेपाच बाय साडेआठ इंची पुस्तकाची चार पाने एका बाजूला बसतात, त्यामुळे १६० पानांचे पुस्तक २० तावांत होते.

शेवटी ३०० जीएसएमचा ताव क्रीझ करून (घडीची रेघ आधी दाबून) आणि न करता, दोन्ही प्रकारे दुमडून पाहावा. टोनर कागदात मुरत नाही, वितळून वर बसतो, त्यामुळे घडीवर तो तडकतो. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने ठेवली तर हे बरेच कमी होते. आपल्या लॅमिनेशनची फिल्म लावून एक दिवसाने नखाने उचलून पाहिल्याशिवायही होकार देऊ नये. टोनरमधील मेणामुळे साधी थर्मल फिल्म कडेने सुटते आणि डिजिटलसाठीची जास्त पकड असलेली फिल्म घ्यावी लागते. तिचा जादा दर आपल्या दरपत्रकात धरावा.

उत्तर ३: लग्नपत्रिकावाले, सोलापूर

इंडिगोविषयी थोडे लिहितो. हे तंत्र १९९३ साली बाजारात आले आणि २००२ मध्ये एचपीने ती कंपनी घेतली. त्यात कोरडी पूड नसून द्रवरूप शाई असते आणि ती ब्लँकेटवरून (मधल्या रबरी आवरणावरून) कागदावर उतरते. शाईचा थर पातळ असल्याने छपाई ऑफसेटच्या सर्वात जवळची वाटते. खरखरीत, उठावाच्या कागदावरही ती टोनरपेक्षा चांगली बसते. मात्र तिथे मोजणी प्रत्येक रंगाच्या छापाची होते. चाररंगी एक बाजू म्हणजे चार छाप. त्यात ब्लँकेट, प्लेट, काही कागदांना लागणारे प्रायमर, थ्री-फेज वीज आणि शिकलेला ऑपरेटर यांची भर पडते. महिन्याला २२,००० बाजूंच्या कामासाठी, तेही वापरलेले यंत्र घेऊन, हा भार उचलू नये असे मी कळकळीने सांगेन.

तयार पत्रिकांवर मजकूर छापण्याचा विचार असेल तर फार जपावे. आधीच गरम फॉइल किंवा उठावाची पावडर केलेली पत्रिका टोनर यंत्राच्या फ्युजरमधून (टोनर वितळवून बसवणाऱ्या गरम रोलरमधून) काढली, तर उष्णतेने पावडर पुन्हा वितळते आणि फॉइल रोलरला चिकटू शकते. फ्युजर खराब झाला की एका लग्नाची कमाई भरून निघत नाही. क्रम उलटा ठेवावा, आधी डिजिटल छपाई आणि मग फॉइल. ज्या पत्रिका तशाच तयार येतात, त्या जीटीओवर किंवा स्क्रीनवर छापाव्यात.

उत्तर ४: ग्रामीण मुद्रक, लातूर

माझा मुद्दा एकच आहे: तंत्रज्ञ राहतो कुठे? आमच्याकडील यंत्राचा फ्युजर सभेच्या आठवड्यात गेला. डीलरने कराराप्रमाणे माणूस दुसऱ्या दिवशी पाठवला, पण सुटा भाग चौथ्या दिवशी पोहोचला. करारात 'चोवीस तासांत भेट' असे शब्द होते, 'चोवीस तासांत यंत्र सुरू' असे नव्हते. तो अहवाल मी रात्रभर दुसऱ्याच्या दुकानात बसून छापून घेतला आणि संस्थेला वेळेत दिला, पण पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे आले नाही. कोल्हापुरात कोणत्या कंपनीची किती यंत्रे चालू आहेत आणि सुटे भाग शहरात ठेवले जातात का, हे डीलरला न विचारता ती यंत्रे चालवणाऱ्यांना विचारावे. ड्रम आणि फ्युजर आपल्या हाताने बदलता येतील असे यंत्र असेल, तर एक-एक नग दुकानात ठेवण्याची अट घालावी.

मूळ प्रश्नकर्ता: मुद्रक, कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. इंडिगोचा विचार मी सोडला आहे. आपला कागद घेऊन दोन ठिकाणी चाचणी केली. सहा पॉइंटच्या मजकुराच्या कसोटीला दोन्ही यंत्रे उतरली, पण पाचशे तावांच्या राखाडी चाचणीत एका यंत्राचा शेवटचा ताव स्पष्टपणे उबदार, म्हणजे तांबूस-पिवळसर छटेचा, झाला होता. किमान क्लिकची अट वर्षाची करायला एक डीलर तयार झाला आहे, दुसरा अजून उत्तर देत नाही. इथे चालू असलेल्या यंत्रांची माहिती काढतो आहे.

एक शंका उरली आहे. आमचा मुख्य हंगाम भर पावसाळ्यात येतो. जीटीओवर ओलसर कागद कसाबसा सांभाळता येतो. डिजिटलवर काय होईल?

उत्तर ५: चाचणीवाला, सांगली

ही शंका सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती आधी माझ्याकडूनच सुटली होती. ओलसर कागदावर टोनर नीट उतरत नाही, सपाट रंगात ढगाळ डाग दिसतात. फ्युजरच्या उष्णतेने कागदातील पाणी वाफ होऊन निघते, त्यामुळे ताव वळतो आणि पुढे अडकतो. आर्ट कागदावर तर कधी बारीक फोड येतात. पहिली बाजू छापताना ताव सुकून किंचित आखडतो आणि मग दुसरी बाजू त्या आखडलेल्या तावावर पडते. पावसाळ्यात पुढचे-मागचे रजिस्टर चुकण्यामागे बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसून हे कारण असते. दुसऱ्या बाजूचा आकार तेवढा कमी करण्याची सोय यंत्रात असते. ती प्रत्येक कागदासाठी वेगळी बसवून जतन करून ठेवावी.

खोलीतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहील अशी व्यवस्था यंत्र येण्याआधी करावी. एसी दिवसा लावून रात्री बंद केला तर कागद रात्रभर पाणी धरतो, म्हणून हंगामात डीह्युमिडिफायर रात्रीही चालू ठेवावा. रिमा एक दिवस आधी त्याच खोलीत आणाव्यात, पण वेष्टन छपाईच्या वेळीच काढावे आणि उरलेला कागद लगेच बांधून ठेवावा. जीटीओ त्याच खोलीत असेल तर मध्ये भिंत घालावी, कारण तिथले डॅम्पिंगचे पाणी आणि उडणारी स्प्रे पावडर ही दोन्ही डिजिटल यंत्राला घातक आहेत.

आपली चाचणी कोरड्या हवेत झाली असेल, तर जुलैमध्ये एखाद्या पावसाळी दिवशी तीच पाचशे तावांची चाचणी पुन्हा करावी, आणि ती डीलरच्या वातानुकूलित दालनात न करता कोल्हापुरातच ते यंत्र चालवणाऱ्या एखाद्या मुद्रकाच्या दुकानात करावी.