तीस-बत्तीस हजारांत असा फोन, जो वाडीच्या उन्हात कॅमेरा बंद करणार नाही?

सर्व्हेवाली

नमस्कार मंडळी. मी गाड्यांच्या इन्शुरन्स क्लेमचे सर्व्हे करते. म्हणजे नागपूरला वाडीतले ट्रान्सपोर्टचे यार्ड, कापसीची गॅरेजं, पोलिस ठाण्याच्या आवारात धूळ खात पडलेल्या ठोकलेल्या गाड्या, हेच माझं ऑफिस. सगळं काम फोनवर चालतं. कंपनीच्या ॲपमधूनच फोटो काढायचा, त्यावर वेळ आणि लोकेशन येतं, जागेवरूनच अपलोड. गॅलरीतला फोटो ॲप घेत नाही, त्यामुळे 'घरी जाऊन टाकते' म्हणायची सोय नाही.

सध्याचा फोन (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं लागतात) मार्चपासूनच रडून राहिला आहे. दुपारी बारानंतर एखाद्या ट्रकचे थोडे फोटो झाले की आधी स्क्रीन मंद होते, मग 'फोन गरम झाला आहे' म्हणून कॅमेराच बंद. मग मी ट्रकच्या सावलीत फोनला ओढणीनं वारा घालत उभी, आणि ड्रायव्हर, मालक, मेकॅनिक सगळे तमाशा बघत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, अजून पुढेच आहे.

दुसरी डोकेदुखी चेसिस नंबरची. बऱ्याच ट्रकना तो पुढच्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला असतो, वर ग्रीस आणि मातीचा थर. पुसून जवळ गेलं की माझीच सावली नंबरावर पडते, लांब गेलं की आकडे पसरतात. तीन की आठ एवढ्यावरून क्लेम अडकतो.

नजरेत तीन फोन आहेत: सॅमसंग गॅलेक्सी ए३६, नथिंग फोन ३ए आणि रेडमी नोट १४ प्रो प्लस. गेम खेळत नाही, रील करत नाही. तीन-चार वर्षं चालला पाहिजे. कुठं काय सोडावं लागेल तेवढं सांगा.

धरमपेठचा पोट्टा

नथिंग ३ए, डोळे मिटून. तुमच्या चेसिस नंबरासाठीच बनलाय ताई. ५० मेगापिक्सेलचा वेगळा टेलिफोटो आहे, म्हणजे लांबचं जवळ आणणारा कॅमेरा, २ पट. थोडं मागं सरकून २x लावा, सावली पडणारच नाही. ए३६ मध्ये त्या जागी ५ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायचा कॅमेरा, दिलाय, त्याचा उपयोग डब्यावर 'ट्रिपल कॅमेरा' लिहिण्यापुरता. शिवाय ३ए च्या स्क्रीनचा उजेड ३००० निट्स. ऊन काय करते बघू!

दत्तवाडीचे काका

मी रेडमीच्या बाजूनं. दिवसभर कॅमेरा, लोकेशन आणि डेटा चालू म्हटल्यावर बॅटरी पाहिजे. बाकी दोघांत ५००० एमएएच, याच्यात ६२००. पाणी-धुळीसाठी आयपी६८ आहे, २.५ पट टेलिफोटो आहे, आणि ९० वॉटचा चार्जर डब्यातच येतो. बाकीचे दोघं चार्जरही देत नाहीत. भाजी घ्यायला गेलो तर कोथिंबीर फुकट मागतो आपण, इथं वायरवर खूश व्हायचं?

आणि उन्हाचं म्हणाल तर २३ मे २०१३ ला या गावानं ४७.९ अंश बघितलंय. त्या उन्हात कोणताच फोन हसत राहणार नाही, हे धरून चाला.

बर्डीचा मिस्त्री

ताई, मी बर्डीत रिपेअरिंग करतो. विकत नाही, उघडतो. त्यामुळे माझं मत थोडं वेगळं निघेल.

आधी त्या ३००० निट्सचं. तो आकडा स्क्रीनच्या छोट्याशा भागाचा, तोही एचडीआर व्हिडिओ चालू असताना. उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते त्याचा आकडा वेगळा असतो. ३ए चा तो १३०० आहे आणि ए३६ चा १२००. म्हणजे वाडीत उभं राहिलं की दोघं सारखेच. आणि फोन तापला की दोघंही तो आकडा स्वतःहून खाली आणतात. तुमची स्क्रीन मंद होते ती बिघाड म्हणून नाही, आतला माल वाचवायला.

आता गरमीचं. लोकं म्हणतात प्रोसेसर तापतो. पण कॅमेरा, जीपीएस, अपलोड आणि फुल ब्राइटनेस हे चारही एकदम चालू, वरून ऊन, आणि वर कारमध्ये चार्जिंगलाही लावलेला. कोणताही फोन बसेल. आयफोनवालेसुद्धा वापरायचं हवामान ० ते ३५ अंश लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात ३५ सकाळी नाश्त्याच्या वेळेलाच होऊन जाते. म्हणून ३ए ची जास्त ताकदीची चिप की ए३६ ची साधी, यावर तुमच्या कामात झोप उडवायची गरज नाही. गेम खेळणाऱ्यानं उडवावी.

बॅटरीबद्दल काकांचं बरोबर आहे, पण अर्धंच. लिथियमची बॅटरी दोन गोष्टींनी मरते, गरमी आणि फुल चार्ज. दोन्ही एकदम मिळालं तर लवकर मरते. मे-जूनमध्ये माझ्या टेबलावर मागचं पॅनल उचललेले फोन येतात, आत बॅटरी फुगलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं: कारच्या डॅशबोर्डवर, चार्जिंगला लावून, मॅप चालू. ६२०० वाली बॅटरीही तिथं तशीच फुगेल.

मला रेडमीत खटकते ती स्क्रीन. कडेला वळलेली आहे. वळलेल्या काचेवर साधं टफन (स्क्रीन वाचवायची वरची काच) बसत नाही, गोंदवालं यूव्ही टफन लावावं लागते, आणि तो गोंद स्पीकरच्या जाळीत उतरला की आवाज बसला म्हणून माझ्याकडे येतात. शिवाय उन्हात त्या वळणावर आकाश चमकते. यार्डात तुमच्या हातातून फोन पडणार, हे मी धरूनच चालतो. वळलेला फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खी स्क्रीन, सपाटपेक्षा लवकर फुटतो आणि महागही पडतो. मिडरेंजचा खरा हिशेब इथं कळते भाऊ. तीस हजारांच्या फोनला फोल्डर टाकायचा म्हटलं की गिऱ्हाईक खाली मान घालून नवीनच बघाले जाते. तुम्ही तिन्ही फोनचा ओरिजिनल फोल्डर कितीला पडते ते घ्यायच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. कोणीच विचारत नाही.

पाण्याचं तिघांचं वेगळं आहे. ३ए आयपी६४, म्हणजे शिंतोड्यापुरता. ए३६ आयपी६७, मीटरभर पाण्यात अर्धा तास. रेडमी त्याच्याही वर. पण तिघांच्याही वॉरंटीत पाणी गेलेलं बसत नाही, ते बारीक अक्षरात असते.

आता पोट्ट्याच्या टेलिफोटोबद्दल एक प्रश्न. ताई, तुम्ही फोटो कंपनीच्या ॲपमधूनच काढता ना? बऱ्याच ॲपले फक्त मेन कॅमेरा मिळतो. त्यात चिमटीनं झूम केलं तर ते मेनचंच चित्र ताणून दाखवते, टेलिफोटो बाजूला झोपलेला. कोणाकडे टेलिफोटोवाला फोन असेल तर तुमचं ॲप उघडा, झूम करा आणि टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही तर समजून जा.

सर्व्हेवाली

मिस्त्रीभाऊ, आमच्या एका सहकाऱ्याकडे टेलिफोटोवाला फोन आहे. आज कापसीला एका ट्रेलरसमोर उभं राहून तेच केलं. ॲपमध्ये झूम केलं, भिंगावर बोट ठेवलं. चित्र तसंच राहिलं. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात मात्र बोट ठेवताच काळं झालं. म्हणजे आमच्या ॲपला तो कॅमेरा दिसतच नाही! सहकारी दोन वर्षं त्याच झूमवर फुशारकी मारून राहिला होता, आता गप्प आहे.

पोट्ट्या, तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं, आमचं ॲप तेवढं शहाणं नाही.

धरमपेठचा पोट्टा

ॲप बदला मग 😄

सर्व्हेवाली

ते माझ्या हातात असतं तर हा प्रश्नच नसता विचारला.

टेलिफोटो गेला म्हणजे ३ए चं मोठं वजन माझ्या तराजूतून उतरलं. काका, रेडमीची बॅटरी मोह पाडते, पण वळलेल्या काचेची धास्ती बसली. ए३६ ला सहा वर्षं सुरक्षा अपडेट आणि सहा वेळा नवं अँड्रॉइड म्हणतात. नथिंगही सुरक्षा सहा वर्षं देते, पण नवं अँड्रॉइड तीनच वर्षं. मला हे कामाचं वाटतं, कारण आमचं ॲप दर थोड्या दिवसांनी 'जुन्या अँड्रॉइडवर चालणार नाही' म्हणून धमकावतं.

बर्डीत जाऊन ए३६ हातात घेतला. डेमो फोन वायरनं टेबलाला बांधलेला, बाहेर नेऊ देईनात. शेवटी सेल्समनच म्हणाला, मॅडम, माझाच ए३६ आहे, चला. आम्ही दोघं मेन रोडवर ऊन खात उभे. उभ्या असलेल्या एका मोपेडची नंबर प्लेट आणि इंजिनवरचे बारीक आकडे काढले. डोळ्यांवर हात न धरता स्क्रीन दिसली, एवढं पुरे. मेन कॅमेऱ्यात २x केलं तर हातभर अंतरावरूनही आकडे वाचता आले. मॅक्रोत तेच काढायला गेलं तर फोन पार इंजिनाला चिकटवावा लागला, आणि सावली होतीच.

मेमरी कार्डाची जागा नाही त्यात, २५६ जीबीवालाच घेईन. काही अजून?

बर्डीचा मिस्त्री

२५६ चांगलं. चार्जर वेगळा घ्याल तो ४५ वॉटचा, त्यावर पीडी-पीपीएस (फास्ट चार्जिंगची पद्धत) लिहिलेलाच बघा, नाहीतर फोन आपला हळू चार्ज होत बसेल. बॅटरी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा आहे, उन्हाळाभर लावून ठेवा. कव्हर पांढरं किंवा फिक्या रंगाचं, जाड काळं रबरी नको. एसीच्या जाळीवर लावायचं होल्डर शे-दोनशेत मिळते, डॅशबोर्डवरचं काढून टाका. आणि गरम झाला म्हणून फ्रिजमध्ये कधी ठेवू नका, आत दव धरते. मागच्या उन्हाळ्यात एक जण आईस्क्रीमच्या डब्याजवळ ठेवून आला होता, त्याचा बोर्डच गेला.

दत्तवाडीचे काका

आणि बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, लिहून घ्या. मी नाही म्हटलं तरी रेडमीच घेणार आहे, माझा फोन पडत नाही, कारण मी तो खिशातून काढतच नाही.