इथिओपियाचा 'फायदा' नक्की कुणाचा? निर्वासितांना राष्ट्रीय ओळख क्रमांक द्यावा का?

पागोळी (धागाकर्ती)

इथिओपियाच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाचं नाव आहे 'फायदा'. थट्टा करत नाहीये. अम्हारिक भाषेतही त्या शब्दाचा अर्थ आपल्यासारखाच आहे. २०२३ साली तिथे कायदा झाला, त्याच वर्षी जागतिक बँकेने ३५ कोटी डॉलर मंजूर केले, आणि आतली यंत्रणा आहे 'मोसिप' या ओळख क्रमांकाच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत २०१८ पासून घडलेली. आपल्या आधारचं मावसभावंडच म्हणा.

धागा काढायचं कारण पुढे आहे. दक्षिण सुदान, सोमालिया, एरिट्रिया आणि सुदानमधून आलेले दहा लाखांच्या आसपास लोक इथिओपियात आसऱ्याला आहेत. सरकारने त्यांनाही नागरिकांच्याच यंत्रणेत, म्हणजे 'फायदा'त घ्यायला सुरुवात केली आहे. बँकेत खातं उघडायला तिथे हा क्रमांक सक्तीचा होत चाललाय. त्यामुळे ज्याच्याकडे तो नाही, त्याचे पैसे गादीखाली.

मी नागपुरात एका बँकेत केवायसीच्या टेबलावर बसते. हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी तुम्ही पाहिले असतील. त्यातले काही गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतून येतात, सत्तरच्या दशकापासून तिथे राहणारी कुटुंबं. पूर्वी हे लोक 'आरसी' घेऊन यायचे, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून केलेल्या नोंदणीचा दाखला. आमचे तेव्हाचे साहेब तो उलटासुलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "हे वरून विचारून घ्या." वरून उत्तर येईपर्यंत थंडी संपायची आणि गिऱ्हाईक गावी जायचं. आता तोच माणूस आधार घेऊन येतो आणि दहा मिनिटांत काम होतं. (अडचण उरते ती आडनावाच्या रकान्याची. तिबेटी लोकांना बहुधा आडनाव नसतं, आणि दर दुसऱ्या माणसाचं नाव तेन्झिन.)

माझं म्हणणं सरळ आहे. क्रमांक द्यायचा तो माणसाला. तो नागरिक आहे की नाही हे दुसऱ्या खिडकीवर ठरू दे. २०१६च्या आधार कायद्यात हेच आहे: गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला तो रहिवासी, आणि कलम ९ सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मग निर्वासितांना वगळायचं कारण काय?

घोंगडी

ताई, कलम ९ तुम्ही वाचलंय, मीही वाचलंय. खिडकीपलीकडच्या माणसाने वाचलंय का?

तहसील कार्यालयात २८ वर्षं काढली. एक गोष्ट शिकलो, कागदाला कागद वितो. आधारवरून भाडेकरार, भाडेकरारावरून रेशनकार्ड, रेशनकार्डावरून रहिवासी दाखला, आणि मग एक दिवस मतदार यादीत नाव. प्रत्येक पायरीवरचा कारकून म्हणतो, मागच्याने तपासलं असेलच. पहिल्या कागदावर 'हा नागरिकत्वाचा पुरावा नाही' छापलेलं असतं, पण चौथ्या कागदापर्यंत ते वाक्य पोचत नाही.

२०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीवरून केवढा गदारोळ झाला! सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात यादीसाठी चालणारा बारावा कागद म्हणून आधार धरायला सांगितलं आणि त्याच आदेशात पुन्हा बजावलं की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते आमच्या सेतू केंद्रातल्या पोराला कसं उमगणार?

माणुसकीला माझा विरोध नाही. त्यांना वेगळं कार्ड द्या, वेगळ्या यादीत ठेवा, रेशन द्या, शाळा द्या. पण भटाला दिली ओसरी अशी गत नको.

पागोळी

ओसरीवरच्या माणसाचं नाव-गाव तरी विचारून ठेवाल की नाही? मी त्याहून जास्त काही मागत नाहीये.

आणि काका, तुमच्या कार्यालयात कागदाला कागद व्यायचा तो निर्वासितांमुळे? रोग कारकुनाला आणि औषध तेन्झिनला, असं होतंय हे.

नैरोबीकर

मूळ सांगलीचा, सध्या नावाप्रमाणे. घोंगडी यांच्या 'वेगळी यादी' या उपायाचं केनियात काय झालं ते सांगतो.

सोमालियाची राजवट १९९१ मध्ये कोसळली आणि सीमेलगत गारिसा भागात दादाब इथे छावण्या उभ्या राहिल्या. छावणीत धान्य, दवाखाना, शाळा. छावणीबाहेर राहणारे केनियाचेच सोमाली वंशाचे नागरिक, त्यांच्याकडे दुष्काळ आणि मेलेली जनावरं. मग व्हायचं तेच झालं. कित्येक आईबापांनी पोरांची नावं निर्वासित म्हणून घातली आणि धान्य घेतलं. पुढे त्या यादीत बोटांचे ठसे आले. ही पोरं अठरा वर्षांची झाली, राष्ट्रीय ओळखपत्र काढायला गेली, अंगठा ठेवला, आणि यंत्र म्हणालं, 'निर्वासित'.

झालं. ओळखपत्र नाही म्हणून स्वतःच्या नावावर सिम नाही. सिम नाही म्हणून एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सोय, नाही, आणि एम-पेसाशिवाय केनियात माणूस भाजीसुद्धा घेत नाही. कॉलेज नाही, नोकरी नाही. पोलिसांनी रस्त्यात अडवलं की खिशातली नोट हेच ओळखपत्र. अशा लोकांचा आकडा तिथल्या संस्था ४० हजारांच्या आसपास सांगतात. प्रकरण कोर्टात गेलं.

म्हणजे बघा, निर्वासितांना बाजूला ठेवायला केलेल्या यादीत देशाचेच नागरिक अडकले. सर्वांना एकच क्रमांक असता आणि 'स्थिती' नावाचा दुरुस्त करता येणारा रकाना असता, तर पोराने कागदपत्र दाखवून एका दिवसात तो बदलून घेतला असता.

घोंगडी

म्हणजे खोटं बोलले नागरिक, आणि दोष यादीचा?

नैरोबीकर

भुकेल्या चार वर्षांच्या पोराचं नाव आईने मिळेल त्या यादीत घातलं. त्याला खोटं म्हणायचं तर म्हणा. शिक्षा मात्र त्या पोराला, चौदा वर्षांनी.

हिशेबनीस

युगांडाचं कुणी काढलं नाही अजून. तिथे निर्वासितांची यादी पंतप्रधान कार्यालय ठेवायचं आणि आकडे फुगवल्याचा आरोप झाला. २०१८ मध्ये बोटं आणि डोळे तपासून फेरमोजणी केली, तेव्हा १४ लाखांचे ११ लाखांच्या आसपास उरले. सगळे खोटे नव्हते, काही परतले असतील, काही वारले असतील. पण धान्य मात्र कुणीतरी उचलत होतं. यादी नीट ठेवण्यात निर्वासिताचंही भलं आहे, एवढंच.

तिसरी घंटा

इथे दोन्ही बाजू गृहीत धरून चालल्या आहेत की यादीत येणं चांगलंच. एकाला ते फार चांगलं वाटतं म्हणून द्यायचं नाहीये, दुसरीला चांगलं वाटतं म्हणून द्यायचंय. मला मुळात यादीचीच भीती वाटते.

२०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. पुढच्या वर्षी बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) यांनी मिळून त्यांची नोंदणी केली. फोटो, अंगठा, डोळा, घरच्यांची माहिती, आणि हाती स्मार्ट कार्ड. कार्ड असेल तर मदत. २०२१च्या जूनमध्ये ह्यूमन राइट्स वॉचने उघड केलं की बांगलादेशाने यातल्या किमान ८ लाख ३० हजार नावांची माहिती, बोटांच्या ठशांसकट, म्यानमार सरकारला दिली. परत घेता येतील का हे तपासायला म्हणे! ज्यांच्यापासून जीव घेऊन पळाले त्यांच्याच टेबलावर यांची फाइल. यूएनएचसीआरचं म्हणणं, संमती घेतली होती. रांगेत उभा राहिलेला माणूस धान्यासाठी कशालाही हो म्हणतो. ती संमती कसली?

ही झाली निर्वासितांसाठीची स्वतंत्र यादी. आता तीच माहिती राष्ट्रीय यंत्रणेत टाका, जिथे बँक, मोबाइल कंपनी, पोलीस सगळ्यांची ये-जा. एरिट्रियातून सक्तीची लष्करी नोकरी टाळून पळालेला पोरगा अदिस अबाबात 'फायदा' काढतो. इथिओपिया आणि एरिट्रिया यांचं वैर आणि मैत्री किती वेळा पालटली आहे? १९९८ ला युद्ध, २०१८ ला गळाभेट, २०२० पासून इथिओपियाच्या तिग्रे प्रांतात एकाच बाजूने लढाई, आता पुन्हा तणातणी. उद्या पुन्हा गळाभेट झाली तर त्या पोराची माहिती कुठे जाईल? पासवर्ड बदलता येतो, बुबुळ बदलता येत नाही.

पागोळी

तिसरी घंटा, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस लिहिलं नाही, ते त्यामुळेच.

तरी एक. रोहिंग्यांची माहिती फुटली ती नोंद झाली म्हणून, की मदत आणि परत पाठवणी या दोन कामांसाठी एकच नोंद वापरली म्हणून? माझ्या टेबलावर गिऱ्हाईकाचं आधार येतं तेव्हा मला यंत्रणेकडून 'जुळलं' किंवा 'नाही' एवढं कळलं तरी काम भागतं. तो ल्हासाहून आला की लातूरहून, याच्याशी मला देणंघेणं नाही. निर्वासित म्हणून केलेला अर्ज, तो का पळाला, कुणाला भितो, हे सगळं वेगळ्या कुलपात राहू दे. राष्ट्रीय क्रमांकात फक्त हा माणूस तोच आहे एवढं असावं. वंश, धर्म हे तर विचारूच नये.

तिसरी घंटा

कुलूप वेगळं, पण किल्ल्यांचा जुडगा एकाच सरकारच्या कमरेला ना?

लिंबूटिंबू

मध्येच येतो. सगळे निर्वासित-निर्वासित म्हणताय. ज्यांचा अर्ज अजून ठरलाच नाही, नुसता आसरा मागितलाय, त्यांचं काय? उद्या अर्ज फेटाळला तर क्रमांक परत घ्यायचा? खात्यातल्या पैशांचं काय करायचं?

पागोळी

चांगला प्रश्न, आणि आपल्याकडे तर जास्तच अवघड. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे जशी गटाची वेळ तसा न्याय. तिबेटींना आरसी. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांना तामिळनाडूत छावण्या, ज्यांना राज्य सरकारने २०२१ मध्ये 'पुनर्वसन छावणी' असं नाव दिलं. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांपैकी जे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आहेत, त्यांना २०१६ मध्ये आधार, पॅन, बँक खातं यांची मुभा मिळाली. म्हणजे घोंगडीकाका, ज्याला तुम्ही विरोध करताय ते काही गटांपुरतं केव्हाच झालंय, आणि आभाळ कोसळलेलं नाही.

उरले ते दिल्लीत यूएनएचसीआरचं कार्ड घेऊन फिरणारे. परदेशी माणसाला आधार मिळतं ते व्हिसाच्या मुदतीपुरतं. पण जो रात्रीत घर सोडून पळाला, तो पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला थांबेल का? माझ्या मते अर्ज प्रलंबित असलेल्यालाही मुदतीचा क्रमांक द्यावा, वर्षाचा, नूतनीकरण होणारा. अर्ज फेटाळला तर मुदत संपते, आणि खात्यातले पैसे त्याचे ते त्याचेच. मुदत संपलेल्या केवायसीची खाती आम्ही रोज हाताळतो, त्यात नवल काही नाही.

खडीसाखर

मी नंदुरबारची. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं. आज आमच्या पाड्यांवर म्हाताऱ्यांचा अंगठा जुळत नाही म्हणून रेशनच्या दुकानात तीन-तीन फेऱ्या होतात. ज्यांच्या सात पिढ्या इथे गेल्या त्यांना यंत्र ओळखत नाही. आधी ते बघा, मग इथिओपिया.

हिशेबनीस

खडीसाखर, तुमच्या पाड्यावरच्या आजीची आणि दक्षिण सुदानच्या आजीची तक्रार एकच आहे की! दोघींची बोटं शेतात झिजलेली. एकीला आधी आणि दुसरीला मग, असं का? अंगठा जुळला नाही तर दुकानदाराने हाताने नोंद करून धान्य द्यायचं, हा नियम दोघींनाही हवा.

(जाता जाता: इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे असतं आणि वर्षाला तेरा महिने. निर्वासितांच्या जुन्या कार्डावर जन्मतारीख एका पंचांगाची, 'फायदा'वर दुसऱ्या. त्या खात्यातल्या कारकुनांना माझा दंडवत.)

घोंगडी

एवढं सगळं वाचून माझं मत दोन बोटं सरकलं आहे, जास्त नाही. क्रमांक द्या. मुदतीचा द्या. पण कार्डाच्या दर्शनी भागाचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे आमच्या कारकुनाला लांबून कळेल.

तिसरी घंटा

रंग लांबून कारकुनाला दिसेल, तसा घरमालकाला दिसेल आणि चौकातल्या टोळक्यालाही दिसेल. रवांडात १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर ओळखपत्र बघून हुतू आणि तुत्सी वेगळे काढले होते. जमातीचा तो रकाना बेल्जियन साहेबाने साठ वर्षं आधी सोयीसाठीच घातला होता.

घोंगडी

रवांडा आणि गोंदिया एका वाक्यात आणू नका राव. पण बरं, रंग नको. चिप किंवा क्यूआर कोडमध्ये ठेवा, ज्याला गरज आहे त्यालाच दिसेल असं. दाखले देणाऱ्याला ते स्कॅन करणं सक्तीचं करा. याहून खाली मी उतरणार नाही.

पागोळी

क्यूआर मला चालेल. तिसरी घंटा यांना चालणार नाही, ते माहीत आहे.

धाग्याला संबंधित म्हणून सांगते. काल आमच्या शाखेत गोठणगावचे एक स्वेटरवाले काका आले होते. पत्ता बदलायचा होता. चार महिने नागपूर आणि आठ महिने वसाहत, तर कुठला पत्ता लावू, असं मलाच विचारत होते. अर्ज भरताना आधार क्रमांक विचारला तर पाकीट काढलं, चष्मा लावला आणि चार-चार आकडे करत वाचून दाखवला. मग सहज विचारलं, आरसीची मुदत कधीपर्यंत आहे? पाकिटाकडे न बघता त्यांनी तारीख, महिना आणि वर्ष सांगितलं.