अनुभव धागा: गिऱ्हाईक बदललं, तुमच्या हॉटेलात काय बदललं? (खानदेश)

जळगाव, भरीत-पुरीची खानावळ (धागा मीच काढतेय)

सासऱ्यांनी सुरू केलेली खानावळ. आता गल्ला माझ्याकडे, चूल जाऊबाईंकडे. जेवायला येणाऱ्यांच्या सवयी डोळ्यांदेखत बदलल्या, म्हणून हा धागा. ज्यांचं हॉटेल, ढाबा किंवा मेस आहे, जे तिथे काम करतात किंवा नुसतं जेवायला जातात, त्या सगळ्यांनी लिहावं. फक्त स्वतःचं सांगा, ऐकीव नको.

आधी माझी चूक सांगते. २०१८च्या दिवाळीत आम्ही मेनूकार्डात चायनीज आणि पंजाबी घातलं. तरुण मुलांना तेच लागतं असं वाटलं होतं. वर्षभरात कळलं की चायनीज खायला मुलं गाडीवर जातात. आमच्याकडे येतात ती पुण्या-मुंबईचे मित्र घेऊन, भरीत खाऊ घालायला. पनीर आणि सॉसच्या बाटल्या वाया गेल्याच, शिवाय भट्टीवरचा माणूस दोन्हीकडे पळून भरिताकडे दुर्लक्ष करायला लागला. ते सगळं काढून टाकलं.

खरा बदल भांडी घासणाऱ्या मावशींमुळे झाला. एका रात्री त्यांनी मला मोरीपाशी बोलावलं. म्हणाल्या, "ताई, पुऱ्या बघा किती परत येतात." मग पंधरा दिवस वही ठेवली. दुपारी ताट पुसून जायचं. रात्री चार पुऱ्यांपैकी दीड-दोन उष्ट्यात. लोक रात्री हलकं खायला लागलेत, आणि आम्ही सासऱ्यांच्या काळातलं ताट वाढत होतो, शेतात राबून आलेल्या माणसाचं. आता रात्री छोटं ताट आहे. पुरी नको असेल तर कळण्याची अर्धी भाकरी. ज्वारी-उडदाची ही भाकरी पूर्वी फक्त म्हातारी माणसं मागायची. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं त्यानंतर जिमला जाणारी पोरंही मागतात.

भरिताला मात्र हात लावला नाही. वांगी हिरवट-पांढरी, बिया कमी असलेलीच. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढून बडजीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायची. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाहेरून येणारा माणूस त्या वांग्यासाठी येतो, त्याला गॅसवर भाजलेलं दुसरं वांगं देणं मला पटत नाही. हिवाळा सरला आणि चांगला माल येईनासा झाला की पाटीवर लिहितो, आज भरीत नाही.

पारोळ्याजवळ, हायवेवरचा ढाबा

रस्ता चौपदरी झाला आणि समोरून येणारी निम्मी गिऱ्हाइकं गेली. मध्ये दुभाजक, वळून कोण येतं? राहिले ते आमच्या बाजूचे, आणि त्यांत ट्रकवाल्यांपेक्षा कुटुंबवाल्या गाड्या जास्त. गाडी थांबली की आधी बाई उतरते आणि बाथरूम बघते. ते घाण असेल तर सगळे परत गाडीत. हे मी स्वतः पाहिलंय, एका रविवारी तीन गाड्या तशा गेल्या. पहिला खर्च तिथे केला: बायकांसाठी वेगळं, आतून कडी, पाणी, दिवा. पुढच्या महिन्यात गल्ला बोलला.

दुसरी गोष्ट शेवभाजीची. पार्सलमध्ये शेव रश्शात भिजून लगदा व्हायची, तक्रारी यायच्या. आता रस्सा डब्यात, जाड शेव वेगळ्या कागदी पुडीत, आणि सांगून देतो की घरी रस्सा उकळा, मग शेव टाका, दोन मिनिटांत वाढा. तर्रीही वेगळी. लहान पोरं सोबत असली की गिऱ्हाईक म्हणतं, "भो, तिखट कमी टाकजो." रश्शातलं तिखट कमी केलं तर काळ्या मसाल्याची चव जाते. तर्री बाजूला दिली की ज्याला हवी तो घेतो.

धुळे, घरपोच जेवण

लॉकडाऊनमध्ये मार्च २०२० ला हॉटेल बंद झालं, ते मी पुन्हा उघडलंच नाही. आता फक्त किचन आहे, एका गाळ्यात. मोबाइल अ‍ॅपवरून ऑर्डर येतात, पण कमिशन आणि सवलती वजा जाता हातात येतं ते पाहून पोटात गोळा यायचा. सहा महिने मी तोट्यात विकत होतो आणि ऑर्डरी वाढल्या म्हणून खूश होतो. आता प्रत्येक पदार्थाचा खर्च वेगळा मांडतो: किराणा, गॅस, डबा, कमिशन. जे परवडत नाही ते अ‍ॅपवर ठेवत नाही. पार्सलच्या पिशवीत आमच्या नंबरची चिठ्ठी असते, रोज डबा घेणारे आता थेट व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतात.

नवीन मुलांना एक सांगतो. १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरच्या ऑर्डरचा जीएसटी अ‍ॅपच भरतं. काउंटरची विक्री आणि अ‍ॅपची विक्री वहीत पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, नंतर निवडत बसणं फार जड जातं.

भुसावळ, स्टेशनजवळची पोळीभाजी

आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून सीटवर जेवण पोचवतो. यात चवीइतकंच वेळेला महत्त्व आहे. गाडीच्या छापील वेळेवर भरवसा ठेवून आम्ही सुरुवातीला डबे भरून ठेवायचो. गाडी दोन तास लेट आली की पोळ्या वातड. आता मुंबईकडची गाडी जळगावहून सुटली की तवा तापवतो, नागपूरकडची असेल तर मलकापूर सोडल्यावर. भाजी सुकी देतो. हलत्या गाडीत मांडीवर रस्सा सांडला तर माणूस पुन्हा मागवत नाही.

अमळनेर, खापरावरचे मांडे

मी चाळीस वर्षं मांडे करते. आधी लग्नात आणि अक्षय्य तृतीयेला आमरसाबरोबर बोलावणं यायचं, ते आता वर्षभर येतं, कारण लोकांना होताना बघायचं असतं. हातांवर पुरणपोळी फिरवून मोठी केली आणि तापल्या खापरावर टाकली की पाहुणे मोबाइल घेऊन गोळा होतात. हॉटेलवाल्यांना माझी विनंती आहे, चूल बाहेर मांडता तर वर छप्पर आणि धुराला वाट करा. आणि शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवसापासून पगार द्या. माझ्याकडे सात शिकायला आल्या, दोनच टिकल्या, बाकीच्यांना घरून विचारायचे, पैसे कधी?

शहादा, वेटर

आमच्या मालकांनी मेनूकार्डं काढून टेबलावर क्यूआर कोड चिकटवले. एक आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. चष्मा पुसून पुसून मोबाइल बघत होते, शेवटी म्हणाले, "बाळा, तूच सांग काय आहे." मी सांगितलं, ते पोटभर जेवले. त्या रात्री मालकांना म्हटलं, पैशासाठी क्यूआर राहू द्या, मेनू कागदावर हवा, मोठ्या अक्षरात. त्यांनी ऐकलं. आणि पाटोडीची भाजी, फौजदारी डाळ म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला वेटरलाच यायला हवं. मालकांनी आम्हाला एकदा बसवून सगळं खाऊ घातलं, तेव्हापासून मी मनापासून सांगू शकतो.

पुणे, मूळ रावेरचा, गिऱ्हाईक म्हणून

माझी बायको कोल्हापूरची, तिला तिखट चालतं पण शेंगदाणा चालत नाही, अ‍ॅलर्जी आहे. गावाकडच्या हॉटेलांत "दाणे आहेत का" विचारलं तर "थोडेच आहेत" असं उत्तर मिळतं. थोडेही नकोत, दवाखान्यात जावं लागतं. कशात दाणे, कशात खोबरं, एवढं मेनूवर लिहा.

धुळे, घरपोच जेवण

जळगावच्या ताई, छोट्या ताटाचा भाव कसा धरला? निम्मा?

जळगाव, भरीत-पुरीची खानावळ

नाही दादा. निम्मा धरला होता, महिनाभर तोटा झाला. काड्या, भट्टी, वाढणारा, ताट धुणं, हे छोट्या ताटालाही तेवढंच लागतं. आता पूर्ण ताटाच्या दोनतृतीयांश धरते. कुणी कुरकुरलं तर भरीत आणखी एकदा फुकट वाढते, पुरी नाही. आणि रावेरच्या भाऊंचं वाचून आत्ताच जाऊबाईंना विचारलं, आमच्या भरितातही दाणे पडतात. आज रात्रीपासून दाण्यांआधी वहिनींसाठी वाटीभर बाजूला काढता येईल. येण्याआधी फोन करा, बडजी धुऊन ठेवू.