संस्थेमागची माणसे: शिकागोतल्या आया

संस्थेमागची माणसे म्हणजे संस्थापक आणि देणगीदार, असे मानले जाते; हे मत मला अपुरे वाटते. शिकागोतील लोगन स्क्वेअर नेबरहूड असोसिएशन या वस्ती-संघटनेने १९९५ मध्ये फन्स्टन शाळेत पालक-मार्गदर्शक उपक्रम सुरू केला, तेव्हा पुढे आल्या त्या प्रामुख्याने स्थलांतरित लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) कुटुंबांतील आया. त्या रोज २ तास वर्गात बसून मागे पडलेल्या मुलांकडून वाचून घेतात, गणिते सोडवून घेतात. तेही स्वतःच्या मुलाच्या वर्गात नव्हे, तर दुसऱ्याच वर्गात, ही अट मला फार विचारपूर्वक घातलेली वाटते. शुक्रवारी प्रशिक्षण असते आणि १०० तास भरल्यावर मानधन मिळते. यांतल्याच काही जणी पुढे वस्तीच्या प्रश्नांवर संघटक म्हणून उभ्या राहिल्या, तर काहींनी शिक्षिका होण्यासाठी महाविद्यालयाची वाट धरली.