रोग (लपून मारणारा चोर) समोर आला की माझा मेज (जादूगार) संपलाच

प्रश्न: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम, लेव्हल ६०. रोग अदृश्य असतानाच चीप शॉट मारून मला सुन्न करतो, मी घाबरून लगेच ब्लिंक (सुन्नपणातून सोडवून झटकन पुढे नेणारी जादू) करतो. तो धावत येऊन किडनी शॉट देऊन परत सुन्न करतो आणि पुढचं सगळं मी नुसतं बघत बसतो. काल सलग नऊ वेळा मेलो. गिअर (शस्त्रं-चिलखत) कमी पडतंय का?

उत्तर १: गिअर नाही रे, घाई. चीप शॉट ४ सेकंदांचा, पाच कॉम्बो पॉइंटवाला (आधीच्या मारांतून साठवलेले गुण) किडनी ६ सेकंदांचा. ब्लिंक किडनीसाठी राखून ठेव. पहिला मार मुकाट्याने खा. मला हे कळायला दोन महिने गेले, बोट आपोआप त्या बटणावर जायचं. शेवटी ब्लिंक दुसऱ्याच बटणावर हलवला!

उत्तर २: पॉलिमॉर्फच्या जादूने त्याला मेंढी करतोस तेव्हा मोजतोस का? दुसऱ्यांदा निम्मा वेळ, तिसऱ्यांदा पाव, चौथ्यांदा लागतच नाही. घाईघाईत पुन्हापुन्हा मारून वाया घालवू नकोस.

प्रश्नकर्ता: आज ब्लिंक राखला. तरी हरलो, पण त्याला व्हॅनिश (लढाईतच परत अदृश्य होणं) वापरावा लागला. 😄

उत्तर १: मग लगेच रँक १ (सर्वात खालच्या पातळीचं) आर्केन एक्स्प्लोजन, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांना लागणारी जादू, मारत फिर, परत अदृश्य राहू देऊ नकोस.