शब्दचर्चा : 'अँटिमायक्रोबियल पेप्टाइड'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका : पशुवैद्यकावरच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे आणि शीर्षकातच अडकले आहे. मूळ विषय 'अँटिमायक्रोबियल पेप्टाइड्स : अँटिबायोटिक्सना पर्याय' असा आहे. अँटिबायोटिकला 'प्रतिजैविक' रुळलेला आहे, पण मग अँटिमायक्रोबियलला काय? कच्च्या खर्ड्यात 'जंतुनाशक पेप्टाइडे' लिहून ठेवलंय. चालेल? आणि पेप्टाइडला मराठी शब्द आहे का?

गोठ्यातला डॉक्टर : जंतुनाशक नको हो. ते म्हटलं की फरशी पुसायचं औषध डोळ्यांपुढे येतं. शिवाय आमच्या धंद्यात त्याच्या शेजारीच 'जंतनाशक' बसलेलं असतं, म्हणजे पोटातल्या कृमींवरचं औषध. एक उकार गळला की जिवाणूंचं औषध जंतांचं होतं. हा घोळ छापील पत्रकांत पाहिलाय, आणि मुद्रितशोधकाने बरोबर असलेला शब्द 'सुधारून' चुकीचा केलेलाही पाहिलाय.

शब्दवेडा : 'सूक्ष्मजीवरोधी' घ्या. नाशक म्हणजे मारणारं, रोधी म्हणजे अडवणारं. ही पेप्टाइडं कधी मारतात, कधी नुसती वाढ थोपवतात. रोधीच्या पोटात दोन्ही मावतं. 'जिवाणूरोधी' तोकडा पडेल, कारण यांतली काही बुरशीवर आणि काही विषाणूंवरही चालतात.

'प्रतिरोधक' मात्र कटाक्षाने टाळा. 'प्रतिजैविक-प्रतिरोधक जिवाणू' म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू. तोच शब्द औषधालाही लावला तर चोर कोण आणि शिपाई कोण? त्याच न्यायाने 'प्रतिकारशक्ती' जनावराकडे राहू द्या आणि जिवाणूंना 'प्रतिरोध' द्या. 'जिवाणूंची प्रतिकारशक्ती वाढली' असं सर्रास छापतात, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की जनावराचं शरीरच औषधाला सरावलं. शरीर सरावत नाही, जिवाणू बदलतात.

जीवशास्त्राच्या बाई : पेप्टाइड तसंच राहू द्या. कुणी 'लघुप्रथिन' सुचवेल, पण शब्दाला शब्द बसवायची हौस यापलीकडे त्यात काही नाही. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, असं एकदा सांगितलं की काम झालं. ही सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडं साधारण 10 ते 50 अमिनो आम्लांची असतात. गाईच्या पांढऱ्या पेशींतलं इंडोलिसिडिन तर अवघ्या 13चं.

मूळ शब्द मोठा गमतीचा आहे. ग्रीक 'पेप्टोस' म्हणजे पचलेलं; जठरातलं पेप्सिन हे पाचक विकर त्याच घराण्यातलं. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'पेप्टाइड' हे नाव दिलं, आणि या औषधांचं दुखणं नेमकं त्या नावातच आहे. खाद्यातून दिली की पेप्सिन, ट्रिप्सिन ही पाचक विकरं त्यांचे तुकडे पाडतात. म्हणून त्यांना पचनातून वाचवण्यासाठी साखळीचं गोल कडं करणं, त्यांना बारीक कणांत गुंडाळणं असे उपाय करून बघतात. त्याने खर्च वाढतो, आणि पशुवैद्यकात खर्चाचा हिशेब माणसांच्या औषधांपेक्षा जास्त कडक असतो.

अनुवादिका : 'जंतुनाशक' खोडला. आता बाळबोध शंका. ही पेप्टाइडं सूक्ष्मजीवांना मारतात, मग तीही प्रतिजैविकंच नाहीत का?

गोठ्यातला डॉक्टर : खरी गाठ हीच. 1940च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वॅक्समनने अँटिबायोटिकची व्याख्या केली ती अशी, की एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला आणि दुसऱ्याला रोखणारा पदार्थ. त्या व्याख्येत पेनिसिलिन बसतं, प्रयोगशाळेत घडवलेली सल्फा औषधं बसत नाहीत. पण वापरात आपण सगळ्यांनाच प्रतिजैविक म्हणतो.

आता पेप्टाइडं घ्या. डिफेन्सिन, कॅथेलिसिडिन ही जनावराच्या अंगातच तयार होतात. गाईच्या श्वासनलिकेत आणि जिभेत ती सापडली, डुकराच्या पांढऱ्या पेशींत प्रोटेग्रिन सापडलं. ही वॅक्समनच्या व्याख्येबाहेर. पण कोलिस्टिन? बॅसिट्रासिन? दोन्ही पेप्टाइडंच, दोन्ही जिवाणूंनी बनवलेली, आणि कित्येक दशकं जनावरांना प्रतिजैविक म्हणूनच दिलेली. नायसिनही जिवाणूचंच, 34 अमिनो आम्लांचं. ते खाद्यपदार्थ टिकवायला वापरतात, गाईचे सड पुसायच्या द्रावणातही वापरलं गेलंय, आणि त्याला तर सहसा कुणी प्रतिजैविक म्हणत नाही!

एक नाव घडणीवरून पडलंय, दुसरं उगमावरून. 'पेप्टाइड की प्रतिजैविक' हे 'लाकडी की खुर्ची' असं विचारण्यासारखं आहे.

शब्दवेडा : लाकडी खुर्ची आवडली. मग शरीराने स्वतः बनवलेल्यांना वेगळं नाव देता येईल. 'संरक्षक पेप्टाइड' कसं वाटतं? आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या कातडीत मायकेल झासलॉफला 1987 साली जी पेप्टाइडं सापडली, त्यांना त्याने 'मॅगेनिन' म्हटलं, हिब्रू 'मागेन' म्हणजे ढाल यावरून.

जीवशास्त्राच्या बाई : संरक्षक चांगला आहे, कारण त्यांतली काही पांढऱ्या पेशींना बोलावून आणायचं कामही करतात, रोधीत ते येत नाही. 'होस्ट डिफेन्स पेप्टाइड' या इंग्रजी नावात 'होस्ट' आहे म्हणून 'यजमान-संरक्षक' करू नका. पाठ्यपुस्तकात यजमान ठीक आहे, पण पुस्तिकेत गाय सोवळं नेसून पाटावर बसलेली दिसेल.

आणखी एक. मजकुरात 'पेशीचं आवरण' हा शब्द सरसकट वापरला असेल तर तपासा. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. ही पेप्टाइडं बहुधा आतल्या पेशीपटलाला, म्हणजे पातळ पडद्याला, भोकं पाडतात. पेप्टाइडावर धनभार आणि जिवाणूच्या पटलावर ऋणभार असतो, म्हणून ते तिथे चिकटतं. प्राण्याच्या पेशीचं पटल बाहेरून जवळपास भाररहित, म्हणून ती बरीचशी वाचते. बरीचशीच, कारण मात्रा वाढली तर तांबड्या पेशी फुटू शकतात. भित्तिका आणि पटल दोन्हींना 'आवरण' म्हटलं तर यातलं काहीच सांगता येणार नाही.

अनुवादिका : हो, तीन ठिकाणी आवरणच आहे. बदलते. आणि मूळ मजकुरातलं हे वाक्य : 'जिवाणू यांना प्रतिरोध करू शकत नाहीत.' तसंच ठेवू?

गोठ्यातला डॉक्टर : अनुवादकाने मूळ बदलू नये हे मान्य, पण लेखकाला कळवा. प्रतिरोध येणं अवघड असू शकतं, अशक्य नाही. कोलिस्टिनचंच बघा. 2015 साली चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-1 हे जनुक नोंदवलं. त्यामुळे जिवाणू आपल्या बाहेरच्या पटलाचा (अशा जिवाणूंना भित्तिकेबाहेरही एक पटल असतं) ऋणभार कमी करतो आणि कोलिस्टिनला चिकटायला जागा उरत नाही. हे जनुक प्लाझ्मिडवर, जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर असतं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं चीनने 2017 मध्ये थांबवलं.

म्हणून शीर्षकातला 'पर्याय'च मला खटकतो. वाचणारा म्हणेल, उद्यापासून ते बंद, हे सुरू.

शब्दवेडा : इथे माझं जमत नाही, डॉक्टर. पर्याय म्हणजे दुसरा मार्ग. पहिला बंद झालाच पाहिजे असं त्या शब्दात कुठे आहे? पर्यायी रस्ता झाला म्हणून जुना उखडत नाहीत. शब्द निर्दोष आहे, फक्त त्यापुढे प्रश्नचिन्ह द्या.

गोठ्यातला डॉक्टर : रस्त्याचं ठीक, औषधाच्या दुकानात 'हे नाही, पर्यायी द्या' म्हणजे त्याच्या जागी दुसरं. तोच अर्थ घेतला जाणार.

अनुवादिका : तूर्त असं लिहिलंय : 'सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे : प्रतिजैविकांचा वापर कमी होईल का?' पर्याय आत, दुसऱ्या परिच्छेदात नेला आणि तिथे दोन ओळी समजावलं. शरीरातल्यांना 'संरक्षक पेप्टाइडे', कोलिस्टिनला 'पेप्टाइड प्रतिजैविक'. आता उरलेला मजकूर स्तनदाहावर आहे, तो सोपा वाटतोय.

गोठ्यातला डॉक्टर : स्तनदाह? गाईला कास असते. कासदाह लिहा, आणि पहिल्या उल्लेखाला 'दगडी' जोडा, गोठ्यात तोच शब्द चालतो.