मदत हवी आहे: टांझानियाहून आलेल्या भावाची एचआयव्ही टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह. मलेरिया-बिल्हार्झियामुळे असं होतं का?

धाकटा भाऊ, वय ३४, म्वांझाला बोअरवेल ड्रिलिंगच्या कामावर असतो. म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, गुडघाभर पाण्यात उभं राहूनच बरीच कामं. सध्या सुट्टीवर सांगलीला आलाय. निघायच्या थोडं आधी त्याला फाल्सिपेरम (मलेरियाचा गंभीर प्रकार) मलेरिया झाला होता. त्यावर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचा कोर्स पूर्ण केला. त्याच वेळी शौचाच्या तपासणीत बिल्हार्झियाची (सरोवराच्या पाण्यातून कातडीवाटे शिरणारे जंत) अंडी सापडली, पण त्याच्या गोळ्या अजून घेतलेल्या नाहीत. आमच्या बंधुराजांचं सगळं ‘इंडियात गेल्यावर बघू’.

इथे टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलमध्ये एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आलं. फोर्थ जनरेशन टेस्ट, एस/सीओ (टेस्टचा आकडा) २.४, कट-ऑफ १, म्हणजे त्याच्या वर गेलं की पॉझिटिव्हच्या बाजूला. लॅबने लगोलग वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडी पट्ट्यांवर दाखवणारी टेस्ट) करायला लावलं. ते ‘इंडिटरमिनेट’ (ना हो, ना नाही), फक्त पी२४ या विषाणूच्या एका प्रथिनाची एक पुसट पट्टी. लॅबवाले म्हणतात डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणतात सिव्हिलला जा. सगळ्या घराचा जीव टांगणीला लागलाय.

जंतांमुळे किंवा मलेरियामुळे टेस्ट चुकू शकते असं वाचलं. हे खरं आहे का? वहिनीला पाचवा महिना आहे आणि तिची टेस्ट निगेटिव्ह आलीय. मग याची चुकीचीच म्हणायची ना? आणि मलेरियाचं रॅपिड किट अजून पॉझिटिव्ह दाखवतंय, तो बरा झालाय की नाही?
– कृष्णाकाठ

---

सूक्ष्मदर्शी: ताई, लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. चुकू शकते, आणि हे किट बनवणाऱ्यांनाही माहीत असतं.

या टेस्टमध्ये विषाणूची प्रथिनं एका पृष्ठभागावर बसवलेली असतात. त्यावर रुग्णाचं सीरम टाकायचं, धुवायचं आणि रक्तातली किती अँटिबॉडी (आजाराविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन) चिकटून राहिली ते मोजायचं. ती अँटिबॉडी मुळात कोणाविरुद्ध तयार झाली होती हे मशीन विचारत नाही. मलेरियात बी-पेशी सरसकट चेकाळतात आणि भारंभार अँटिबॉडी सोडतात. त्यातल्या काही कुठेही जाऊन चिकटतात. झोपेच्या आजाराच्या (माशी चावून होणारा परजीवी आजार) काँगोतल्या रुग्णांमध्ये एचआयव्ही किट खोटी पॉझिटिव्ह येत असल्याचं नोंदलं गेलंय. काळा आजार आणि बिल्हार्झियाबाबतही तशा नोंदी आहेत. झिकाच्या अँटिबॉडी टेस्टनेही मलेरियाच्या रुग्णांमध्ये असाच गोंधळ घातला होता.

सगळ्यात बोलका पुरावा कोविडचा. नायजेरिया आणि बेनिनमधलं साथीच्या आधी साठवलेलं रक्त कोविडच्या अँटिबॉडी किटवर लावलं, तर मलेरिया झालेल्यांचे काही नमुने पॉझिटिव्ह आले. तो विषाणू तेव्हा माणसांत आलाच नव्हता!

तुमचा २.४ हा आकडा कमी आहे. जुन्या, पक्क्या संसर्गात तो सहसा खूप वर जातो.

बिनधास्त_बाबुराव: मग झालं की. मलेरियाचा प्रताप आहे, निवांत राहा. उगाच टेस्टवर टेस्ट करून लॅबची भर करू नका.

डॉ_आजोबा: बाबुराव, असं सांगू नका हो. खोटी येऊ शकते म्हणजे खोटीच आहे असं नाही. संसर्ग अगदी ताजा असेल तरी आकडा कमीच असतो, आणि ब्लॉटवर सुरुवातीला दिसणाऱ्या पट्ट्यांत पी२४ आहेच. म्हणजे हा रिपोर्ट दोन्हीकडे बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये निदानासाठी वेस्टर्न ब्लॉट सोडून द्या असं सांगितलं, त्याला हा अधांतरी निकालही एक कारण आहे.

ताई, वहिनींच्या निगेटिव्हवरून भावाबद्दल काहीच ठरत नाही. प्रत्येक संबंधात संसर्ग होतोच असं नाही, आणि त्यांची टेस्ट भाऊ सुट्टीवर येण्याआधीची असेल तर तिच्यातून काहीच कळत नाही. निकाल लागेपर्यंत कंडोम वापरायचा, रक्तदान करायचं नाही. वहिनींच्या डॉक्टरांना मात्र हे आत्ताच कळायला हवं.

भावाला सिव्हिलच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) पाठवा. मोफत आहे, नाव बाहेर जात नाही. लक्षणं नसलेल्या माणसाचं पहिलं किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर तिथे वेगळ्या धाटणीची आणखी दोन किट लावतात. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह. दोन होकार, एक नकार असेल तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. शिवाय डॉक्टरांना एचआयव्ही आरएनएबद्दल विचारा. ती टेस्ट अँटिबॉडी बघतच नाही, थेट विषाणू शोधते, त्यामुळे मलेरियाच्या गोंधळाचा तिला उपद्रव नाही. जोखीम घडली होती का हा प्रश्न समुपदेशकाला त्याच्याशी एकट्यात बोलू दे. बहिणीसमोर कोण खरं सांगतंय?

सूक्ष्मदर्शी: मलेरिया किटचं राहिलं. बहुतेक किट एचआरपी-२ हे प्रथिन पकडतात आणि ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. काचपट्टीवर रक्त पसरून (स्मिअर) सूक्ष्मदर्शकाखाली बघा, त्यात परजीवी नसतील तर प्रश्न नाही. ताप आला तर मात्र थांबू नका.

बिल्हार्झियाची अँटिबॉडी टेस्टही बरं झाल्यावर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. तेव्हा गोळ्यांनंतर ती करून घाबरू नका, शौचातली अंडीच तपासायला सांगा. गोळ्या म्हणजे प्राझिक्वांटेल, वजनावर डोस ठरतो. पण घ्या आता!

मालाडकर: थोडं अवांतर. आमच्याकडे पावसाळ्यात व्हायव्हॅक्स (मलेरियाचा दुसरा प्रकार) आणि डेंग्यू आयजीएम (डेंग्यूची अँटिबॉडी) दोन्ही पॉझिटिव्ह असे रिपोर्ट सर्रास दिसतात. ते काय मग?

डॉ_आजोबा: दोन्ही आजार खरंच एकत्र असू शकतात, मुंबईत त्यात नवल नाही. किंवा आयजीएम आधीच्या डेंग्यूचं उरलेलं असेल, ते दोन-तीन महिने टिकतं. किंवा खोटं. रॅपिड पट्टीवर विसंबू नका, एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) किंवा आयजीएम यांची लॅबमधली एलायझा टेस्टच करा. सरकारी केंद्रांना पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेचं आयजीएम किट येतं, तेच हे. मलेरिया स्मिअरवर दिसला असेल तर त्याचे उपचार तेवढ्यासाठी अडवू नका.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार. भाऊ आयसीटीसीत जाऊन आला. पहिलं किट रिअ‍ॅक्टिव्ह, पुढची दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. नियमाने निगेटिव्ह धरतात म्हणाले, पण आफ्रिकेतून येऊन फार दिवस झालेले नाहीत म्हणून महिन्याने परत बोलावलंय. आरएनएचं रक्त काल दिलं. वहिनीलाही सगळं सांगितलं, तीही पुन्हा टेस्ट करणार आहे. प्राझिक्वांटेल काल रात्री माझ्यासमोर गिळायला लावलं.

आता इन्शुरन्सचा एजंट रोज फोन करतो, याच आठवड्यात नवीन सॅम्पल द्या म्हणून. देऊ का?

डॉ_आजोबा: नको. त्याच लॅबला त्याच मशीनवर तेच रक्त पुन्हा दिलंत तर तोच २.४ पुन्हा छापून येईल. आरएनए आणि महिन्यानंतरचा रिपोर्ट हातात येऊ द्या, मग प्रपोजल पुढे न्या. एजंटला थांबायला सांगा, टार्गेट त्याचं आहे.